एका रविवारी एकच संग्रहालय: ठाणे-नवी मुंबईत नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी

राणीच्या बागेच्या बंद फाटकासमोर आम्ही सात जण उभे होतो. साताऱ्याहून आलेली नणंद, तिची दोन मुलं, माझी दोन, सासूबाई आणि मी. दिवाळीची सुट्टी, हातात डबे, ऐरोलीहून ठाणे आणि ठाण्याहून भायखळा असा प्रवास करून आलेलो. वॉचमन खुर्चीवरून न उठता म्हणाला, "आज बुधवार आहे, ताई."

बाग बुधवारी बंद असते. बागेच्या दाराशी असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद. हे मला ठाऊक नव्हतं, चूक सर्वस्वी माझी. फुटपाथच्या कडेला उभ्याउभ्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या आणि परतीची गाडी धरली. नणंदेने तो किस्सा साताऱ्यात इतक्या घरी सांगितलाय की आता मीच तो आधी सांगून टाकते.

त्यानंतर बरीच संग्रहालयं पाहिली. काही रमली, काही फसली. घोडबंदर रोडला, घणसोलीला, खारघरला नव्याने राहायला आलेली मंडळी विचारतात, "मुलांना घेऊन मॉल सोडून कुठे जायचं?" त्यांना दर वेळी जे सांगते ते इथे एकदाच लिहून ठेवते. एक खुलासा आधीच करते. ठाण्यात कुणाला 'संग्रहालय कुठे' असं विचारलंत, तर बहुतेक जण तुम्हाला मराठी ग्रंथसंग्रहालयाचा रस्ता दाखवतील. ते वाचनालय आहे, १८९३ साली वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं. तिथे जरूर जा, वर्गणी भरा, पण सहलीचा बेत त्यावर आखू नका.

आधी वार बघा, मग मेगाब्लॉक

संग्रहालयांच्या सुट्टीचा वार एकसारखा नसतो. भाऊ दाजी लाड बुधवारी बंद. पेडर रोडचं सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद. रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय सोमवारी तर बंदच, शिवाय बँक हॉलिडेलाही. म्हणून दिवस ठरवण्याआधी वार तपासा आणि निघायच्या आदल्या दिवशी तिथे एक फोन करा. इंटरनेटवरच्या वेळांवर विसंबून राहू नका. दुरुस्तीसाठी एखादं दालन बंद असेल तर ते फोनवरच कळतं. भाऊ दाजी लाड संग्रहालयच मध्यंतरी दुरुस्तीसाठी बराच काळ बंद होतं.

वार ठरला की मेगाब्लॉक. मुंबईत नवीन असाल तर हा शब्द पाठ करून ठेवा. रविवारी रुळांच्या कामासाठी मध्य, हार्बर किंवा ट्रान्स हार्बर मार्गावर सकाळी दहा-अकरापासून दुपारी तीन-चारपर्यंत गाड्या बंद असतात, नाहीतर वळवतात. शुक्रवार-शनिवारच्या पेपरात वेळापत्रक येतं. ठाणे-वाशी-नेरूळ मार्गावर ब्लॉक असेल तर ऐरोली, रबाळे, कोपरखैरणेवाल्यांचं ठाण्याला पोचणंच अवघड होतं. जाताना साडेनवाच्या आत गाडीत बसा आणि परतीला चारनंतर निघा, म्हणजे ब्लॉक आपल्या डोक्यावरून निघून जातो. शक्य असेल तर शनिवार निवडा. शनिवारी गर्दी असते, पण गाड्या असतात.

पाच वर्षांखालच्या मुलांना लोकलचं तिकीट लागत नाही, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं. तिकीट परतीचंच काढा. संध्याकाळी रांगेत उभं राहायची ताकद कुणातच उरत नाही.

तीन वस्तूंचा नियम

हे मी स्वतः ठेचा खाऊन शिकले. सुरुवातीला आम्ही एका दिवसात दोन-दोन संग्रहालयं करायचो, पैसे वसूल झाल्यासारखं वाटायचं. धाकटा तेव्हा सहा वर्षांचा. दुसऱ्या संग्रहालयाच्या दुसऱ्या दालनात तो फरशीवर बसला आणि म्हणाला, "मला आता काहीच बघायचं नाहीये." थोरली काचेला नाक लावून स्वतःचं प्रतिबिंब बघत होती. नवरा बाकावर बसून मॅच बघत होता. मी एकटीच पाट्या वाचत होते.

तेव्हापासून एका दिवशी एकच संग्रहालय आणि त्यातल्या तीनच वस्तू ठरवून जायचं. बाकीचं दिसलं तर दिसलं. निघण्याआधी घरी त्या तिन्ही वस्तूंबद्दल दोन-दोन वाक्यं सांगायची, पण शेवट सांगायचा नाही. आत गेल्यावर वस्तू शोधायचं काम मुलांचं. तिसरी सापडली की चहा. चहानंतर कुणाला परत आत जायचं असेल तर जावं. गंमत म्हणजे तेव्हाच मुलं परत आत जातात.

कोणतं संग्रहालय निवडायचं, याचंही माझं मत पक्कं आहे. पहिल्या खेपेला फार मोठं नको. मोठ्या संग्रहालयात पाय दुखतात आणि काय पाहिलं ते आठवत नाही. एकाच विषयाला वाहिलेलं, थोडं विचित्र वाटणारं निवडा. बसचं, पैशांचं, चिखलाचं.

सुरुवात घराजवळून: ऐरोलीचा चिखल

चिखलाचं संग्रहालय ही थट्टा नाही. ऐरोलीला खाडीकाठी वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. ट्रान्स हार्बरच्या ऐरोली स्टेशनला उतरा आणि रिक्षावाल्याला 'फ्लेमिंगो सेंटर' सांगा. पूर्ण सरकारी नाव सांगितलंत तर तो तुमच्याकडे नुसता बघत राहील. आत खाडीची, कांदळवनांची, माशांची माहिती देणारं दालन आहे, पण खरं बघण्यासारखं आहे ते बाहेर, तिवरांमधून गेलेल्या लाकडी पायवाटेवर.

इथे बहुतेक लोक फ्लेमिंगोसाठी येतात. साधारण नोव्हेंबर ते मे हा त्यांचा मुक्काम. ठाणे खाडीच्या या भागाला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य घोषित केलं आणि २०२२ मध्ये तो रामसर यादीतही, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीतही, गेला. पक्षी जवळून बघायचे तर बोट हवी, आणि बोट सुटते ती भरतीच्या वेळेनुसार, तुमच्या-आमच्या घड्याळानुसार नाही. म्हणून बोटीची वेळ रोज वेगळी असते. सुट्टीच्या दिवशी जागा पटकन भरतात, आधी बुकिंग करा.

आता भरतीचा हिशोब. कोकणातले कोळी पिढ्यान्‌पिढ्या तो बोटावर करतात. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला सव्वाअकरा. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच, आणि भरती दिवसातून दोनदा, म्हणजे चतुर्थीला पहाटे तीनलाही आणि दुपारी तीनलाही. हा अंदाज ढोबळ आहे, खाडीत आतपर्यंत पाणी चढायला थोडा जास्त वेळ लागतो. बोटीसाठी केंद्राने दिलेली वेळच पाळा. पण आदल्या रात्री मुलांना भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं करून हा हिशोब करायला लावा. आमच्या थोरलीला पाऊणकीचा पाढा शाळेत कुणी शिकवला नव्हता. आजीने शिकवला, आणि सकाळी केंद्राची वेळ तिच्या उत्तराच्या आसपास निघाली तेव्हा ती अख्ख्या बोटीला सांगत सुटली.

बोट नाही मिळाली तरी हिरमुसू नका. ओहोटीला या. पाणी उतरलं की पायवाटेच्या दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडतो आणि त्याच्यासारखं जिवंत दालन नाही. तीन वस्तू माझ्याकडून घ्या. पहिली, तिवराची श्वसनमुळं. चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली दिसतील. चिखलात हवा नसते, म्हणून झाडाने नाक बाहेर काढलंय, असं सांगा. दुसरी, निवट्या. हा मासा पाण्याबाहेर चिखलावर सरपटतो, उड्या मारतो, भांडतोसुद्धा. तिसरी, एक नांगी भलीमोठी असलेला खेकडा. नर असतो तो, मोठी नांगी हलवून मादीला बोलावतो. आमच्या धाकट्याने त्याला उलट हात करून दाखवला आणि अर्धा तास तिथून हलला नाही. जाताजाता एक माहिती देऊन टाका: पांढरी चिपी हे कांदळवनातलं झाड महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्ष म्हणून घोषित केलं.

टोपी, पाणी आणि डासांचं मलम न्या. मलम विसरलात तर माझी आठवण काढाल.

भायखळा: पेंग्विन शेवटी

ठाण्याहून मध्य रेल्वेने थेट भायखळा. पूर्वेला उतरलात की राणीची बाग चालत दहा मिनिटांवर. सगळे तिथे पेंग्विनसाठी जातात, आणि चूक तिथेच होते. मुलांनी एकदा पेंग्विन पाहिले की काचेच्या कपाटातलं काहीही त्यांना फिकं वाटतं. त्यामुळे क्रम असा ठेवा: हत्ती, संग्रहालय, घोडा, डबा, मग पेंग्विन.

हत्ती म्हणजे संग्रहालयाच्या आवारात उभा असलेला दगडी हत्ती. घारापुरीच्या बेटावर पोर्तुगीज उतरले तेव्हा तो तिथे होता. त्याच्यावरूनच त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. म्हणजे ज्याच्यावरून नाव पडलं तो आता बेटावर नाहीच, तो भायखळ्यात आहे. १८६४ साली इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना क्रेन मोडली आणि हत्ती पडून फुटला. तुकडे इथे आणले आणि १९१४ मध्ये ते जोडून पुन्हा उभे केले. मुलांना घरी एवढंच सांगा की हा हत्ती एकदा पडून फुटलाय, जोड शोधून काढा. ती हत्तीभोवती फेऱ्या मारत राहतील आणि तुम्हाला तिकीट काढायला निवांत वेळ मिळेल.

आत शिरलात की आधी दोन मिनिटं मान वर करून छत बघा. हे मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय. १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून उघडलं, १९७५ मध्ये भाऊ दाजींचं नाव दिलं. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, शिलालेख वाचणारे पंडित, आणि हे संग्रहालय उभं राहावं म्हणून खपलेल्यांपैकी एक. एकाच माणसाने इतकं सगळं कधी केलं असेल, हा प्रश्न थोरलीने विचारला होता. "तेव्हा मोबाइल नव्हते," असं नवऱ्याने उत्तर दिलं आणि स्वतःचा मोबाइल खिशात टाकला.

आतली माझी वस्तू म्हणजे मातीच्या बाहुल्या. कोण कसली पगडी बांधायचं, कोण काय धंदा करायचं, हे बोटाएवढ्या आकृत्यांमध्ये दाखवलंय. तुमच्या आजोळच्या गावात असा फेटा कुणी बांधायचं का, हे आजी-आजोबांना तिथेच विचारा. काचेसमोर गप्पा सुरू होतात. दुसरी वस्तू, जुन्या मुंबईचे नकाशे. सात बेटं वेगवेगळी होती, मधे पाणी होतं, हे कळल्यावर मुलं सध्याच्या स्टेशनांची नावं घेऊन 'हे पाण्यात होतं का?' असं विचारत सुटतात. तिसरी जरा नाजूक आहे. पारशी दख्म्याची, म्हणजे शांततेच्या मनोऱ्याची प्रतिकृती. मूल विचारणार, तिथे काय करतात? उत्तर घरूनच ठरवून जा. आम्ही सरळ सांगितलं, आणि सरळ सांगितलेलं मुलांना पचतं.

मग बागेत शिरल्यावर घोडा शोधा. फोर्टातल्या काळा घोडा चौकाला ज्याचं नाव मिळालं तो मूळ काळा घोडा इथे आहे, पाठीवर सातव्या एडवर्डला घेऊन. १९६५ मध्ये तो चौकातून हलवला. कित्येक वर्षं चौकाला नाव घोड्याचं आणि घोडा भायखळ्यात, अशी स्थिती होती. २०१७ मध्ये चौकात नवा घोडा बसवला, त्याच्या पाठीवर मात्र कुणी नाही. एकाच आवारात हत्ती बेटाविना आणि घोडा चौकाविना, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

सोळा आणे संग्रहालय

सगळ्यांत कमी लोकांनी पाहिलेलं आणि मला सगळ्यांत आवडतं ते हे: फोर्टात सर फिरोजशहा मेहता रोडवर अमर बिल्डिंगमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं आणि नोटांचं संग्रहालय. २००४ मध्ये सुरू झालं. सीएसएमटीला उतरून चालत जा. रविवारी फोर्ट इतका शांत असतो की मुलांचा हात सोडून चालता येतं, मुंबईत ही चैनच. ओळखपत्र जवळ ठेवा.

इथे जाताना घरातलं एक वयस्क माणूस सोबत हवंच. आम्ही सासूबाईंना नेलं होतं. जाताना गाडीत मुलांना एक काम दिलं: आजीकडून पैशांचे जितके जुने शब्द मिळतील तितके वहीत उतरवा. ठाणे सुटलं तेव्हा कवडी, दमडी, छदाम एवढेच होते. घाटकोपरपर्यंत दिडकी, आणा, चवली, पावली, अधेली झाले. शेजारच्या सीटवरच्या आजोबांनी 'भोकाचा पैसा' अशी भर घातली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून पाचेक वर्षं, मधोमध भोक असलेला तांब्याचा पैसा निघायचा. ते आजोबा दादरला उतरताना खिडकीतून आत वाकून म्हणाले, "करगोट्यात ओवायचो आम्ही."

सासूबाईंना १ एप्रिल १९५७ आठवतो. त्या दिवशी दशमान पद्धतीचे नवे पैसे आले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. आता रुपयाचे शंभर नवे पैसे. मग आण्याचे किती? सव्वासहा. "दुकानदार सहाच द्यायचा," सासूबाई म्हणाल्या, "पाव पैसा कुठून आणायचा?" एवढ्या वर्षांनंतरही तो पाव पैसा त्यांच्या मनात आहे.

मुलांना नाण्यांपुढे उभं करून म्हणी आठवायला लावा. 'सोळा आणे खरं' म्हणजे का खरं? 'कवडीमोल' का? आम्ही 'चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला' म्हटलं. धाकटा दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे बरोब्बर एक रुपया." मी ही म्हण जन्मभर वापरली, पण बेरीज कधी केली नव्हती.

इथल्या तीन वस्तू तुम्हीच ठरवा, पण शिवकालीन होन आणि शिवराई शोधायला सांगायला विसरू नका. मराठी घरातल्या मुलांनी ही नावं गोष्टीत ऐकलेली असतात.

आणिक आगार: बसवेड्यांसाठी

तुमच्या घरात एखादं पोर खेळण्यातली बस हातात घेऊन झोपत असेल तर बेस्टच्या आणिक आगारातलं परिवहन संग्रहालय त्याच्यासाठीच आहे. १९८४ मध्ये कुर्ला आगारात सुरू झालेलं हे संग्रहालय १९९३ मध्ये इथे आलं. नवी मुंबईकरांनी हार्बरने गुरू तेग बहादूर नगरला उतरावं, ठाणेकरांनी सायनला. पुढे बस किंवा टॅक्सी. बसनेच जा, विषयाला धरून होईल. सोमवार-मंगळवार टाळा.

हा चकचकीत प्रकार नाही. आगाराच्या इमारतीत वर जायचं, आत ट्राम आणि बसच्या छोट्या प्रतिकृती, जुनी तिकिटं, तिकीट यंत्रं. पण जे आहे त्यामागे गोष्टी आहेत. १८७४ साली मुंबईत ट्राम सुरू झाली ती घोड्यांनी ओढायची. १९०७ मध्ये विजेची आली. १५ जुलै १९२६ला पहिली मोटारबस अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. १९३७ मध्ये डबलडेकर. ३१ मार्च १९६४ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. जुन्या लाल डबलडेकरचा निरोप आपल्या डोळ्यांदेखत झाला, १५ सप्टेंबर २०२३ला.

ट्रामची एक कडी थेट अलिबागपर्यंत जाते. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं व्हायची. विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या विजेने मोजमापं बिघडणार, म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली. ती आजही तिथे आहे. अलिबागला जाल तेव्हा मुलांना सांगा, ट्रामला घाबरून ही इथे आली.

या संग्रहालयाला तासभर पुरतो. परतताना मुलांना सायनपर्यंतच्या बसमध्ये कंडक्टरच्या मागच्या सीटवर बसवा.

बाकीची, थोडक्यात

पेडर रोडचं भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय २०१९ मध्ये उघडलं. अर्धं गुलशन महल या जुन्या हवेलीत, अर्धं नव्या इमारतीत. दहा वर्षांवरच्या मुलांना नेलं तरच मजा, त्याखालची कंटाळतात. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून टॅक्सी. त्याच बाजूला गावदेवीत मणिभवन आहे. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरायचे. त्यांच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांतून मांडलेत, ते लहान मुलांनाही आवडतात.

लोअर परळचं 'म्युझियम ऑफ सोल्युशन्स' २०२३ मध्ये सुरू झालं. खास मुलांसाठी. 'हात लावू नये' अशी पाटी नाही, उलट हात लावायचाच. तिकीट खिशाला जाणवतं आणि आधी ऑनलाइन काढावं लागतं, पण एकदा जाच. ठाणेकरांना करी रोड जवळ. इथे तीन वस्तूंचा नियम लागू नाही. मुलं बाहेर यायला तयार होणार नाहीत, तेवढी तयारी ठेवा.

घराजवळ अर्धा दिवस काढायचा असेल तर ऐरोलीतच सेक्टर १५ मध्ये महापालिकेने उभारलेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक आहे. छायाचित्रांमधून त्यांचं चरित्र मांडलंय आणि ग्रंथालय असं आहे की मोठी माणसंच अडकून पडतात. पनवेलकरांना शिरढोण जवळ. वासुदेव बळवंत फडके यांचा १८४५ मधला जन्म तिथला, त्यांचा वाडा बघता येतो. घोडबंदर रोडवाल्यांनी ओवळ्याच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरं बघायला जावं, पण फक्त रविवारी सकाळी आणि पाऊस सरल्यावर. राज्याचं फुलपाखरू राणी पाकोळी तिथे दिसलं तर दिवस सार्थकी.

पिशवी आणि आतलं वागणं

डब्यात कोरडं न्या. तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, दशम्या, लाडू. रसभाजी नको, एकदा माझ्या पिशवीत बटाट्याच्या रश्श्याने नकाशा काढलाय. बहुतेक संग्रहालयांत पिशव्या दाराशी ठेवाव्या लागतात, म्हणून पाकीट, मोबाइल आणि वही-पेन्सिल वेगळ्या छोट्या पर्समध्ये ठेवा. पेन नको, पेन्सिलच. काही ठिकाणी आत पेन काढू देत नाहीत, आणि मुलांना चित्र काढायला पेन्सिल बरी.

फोटो काढायला परवानगी आहे का, हे विचारून घ्या. नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. ज्या दिवशी मोबाइल काढता येत नाही त्या दिवशी मुलं जास्त बघतात, असा माझा अनुभव.

आजी-आजोबांना नेत असाल तर आत शिरल्याबरोबर बसायचे बाक कुठे आहेत ते हेरून ठेवा आणि त्यांना सांगा की तुम्ही इथे बसा, आम्ही फिरून येतो. सगळ्यांनी सगळं एकत्र बघायचा हट्ट धरू नका. आणि कर्मचाऱ्यांशी बोला. दाराशी बसलेल्या माणसाला मराठीत "दादा, इथली तुमची आवडती वस्तू कोणती?" असं विचारा. निम्म्या वेळा ते हसून टाळतात. निम्म्या वेळा उठून सोबत येतात आणि पाटीवर नसलेलं सांगतात.

परत येताना

भायखळ्याहून संध्याकाळी ठाण्याची फास्ट पकडायच्या फंदात मुलाबाळांसह पडू नका. स्लो धरा, वेळ जास्त लागेल पण चढता येईल आणि बहुधा बसताही येईल. फोर्टातून येत असाल तर सीएसएमटीलाच बसा, गाडी तिथूनच सुटते, जागा मिळते. वाशी-पनवेलकरांनी सरळ हार्बर. आम्हा ऐरोली-रबाळेवाल्यांना मात्र ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मपर्यंत पूल चढायचा-उतरायचा असतो, आणि धाकट्या पोराचे पाय नेमके त्याच पुलावर संपतात. तेवढी ताकद संग्रहालयात खर्च करू नका.